अँजिओग्राफीतील टक्के आणि पंचाहत्तरीनंतरचे हृदय

घरातील वडीलधाऱ्या माणसाची अँजिओग्राफी झाली, की अहवालातील आकडे सर्वांना पाठ होतात. एका धमनीत ७० टक्के, दुसरीत ८० टक्के. मग प्रश्न उभा राहतो : या वयात अँजिओप्लास्टी करायची, की गोळ्यांवर भागवायचे? नुसत्या टक्क्यांवर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

अँजिओग्राफी ही खरे तर रक्तवाहिनीची सावली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयधमन्यांत थेट 'डाय' सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेतले, तेव्हापासून हे तंत्र रुळले. धमनी किती अरुंद झाली, हे त्यात दिसते. मात्र त्यामुळे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते का, हे दिसत नाही. वृद्धांमध्ये ही अडचण अधिक. त्यांच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर साचलेले असतात व सीटी अँजिओग्राफीत ते फुगून दिसल्याने अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. रक्तपुरवठा तपासण्यासाठी ट्रेडमिलवर चालवावे, तर गुडघे साथ देत नाहीत. अशा वेळी औषधाने हृदयावर ताण निर्माण करून थॅलियम स्कॅन किंवा इकोकार्डिओग्राफी केली जाते.

दुसरा मार्ग धमनीत बारीक तार घालून दाब मोजण्याचा. अडथळ्याच्या पलीकडचा दाब महाधमनीतील दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी भरला, तर तो अडथळा खरोखर जाचक समजावा. अँजिओग्राफीच्या चित्रांवरून संगणकाद्वारेही आता असा अंदाज बांधता येतो.

'फायर' या चाचणीत याच मोजमापाची परीक्षा झाली. इटली, स्पेन व पोलंडमधील ७५ वर्षे व त्यावरील १,४४५ रुग्ण तीत होते. सर्वांना हृदयविकाराचा झटका आलेला आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे. एका गटात केवळ झटक्यास कारणीभूत धमनी उघडली; दुसऱ्यात मोजमापाने जाचक ठरलेले इतर अडथळेही दूर केले. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी अथवा बायपासची गरज यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेवढ्यावरून प्रत्येक वृद्धाला स्टेंट हवाच, असे मात्र म्हणता येणार नाही. ब्रिटनमधील 'सीनियर-रिटा' चाचणीत (२०२४) तुलनेने सौम्य प्रकारचा झटका आलेल्या, ७५ वर्षे व त्यावरील १,५१८ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांवर ठेवले, तर उरलेल्यांची अँजिओग्राफी करून गरजेनुसार धमन्या उघडल्या. हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पुन्हा येणारे झटके तेवढे कमी झाले. झटका आलेला नसून केवळ चालताना छातीत दुखत असेल, तर प्रश्न पुन्हा वेगळा.

स्टेंट बसवायचे ठरले, तरी प्रतिमांचे काम संपत नाही. कॅल्शियमचे कडे न फोडता बसवलेला स्टेंट पुरेसा उमलत नाही. ते कडे किती जाड आहे, हे धमनीच्या आतून चित्र घेणारे 'ओसीटी' उत्तम दाखवते. पण त्यासाठी जादा 'डाय' लागतो आणि वृद्धांची मूत्रपिंडे बहुधा आधीच थकलेली असतात. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या 'आयव्हस'ला तो लागत नाही, म्हणून क्रिएटिनीन वाढलेल्या रुग्णात त्याकडे कल असतो.