फलकावर काय वाचाल?

शुश्रूषागृहांसाठी महाराष्ट्रात 1949 चा नोंदणी कायदा आहे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. अग्निसुरक्षेचे मात्र वेगळे. 2006 च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. म्हणजे कागद कचेरीत, नातेवाईक खाटेपाशी! 23 एप्रिल 2021 च्या पहाटे पालघर जिल्ह्यात, विरारच्या खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून किमान 13 कोविड रुग्ण दगावले. याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याची भिस्त बहुतांशी कुटीर आणि ग्रामीण रुग्णालयांवर. सरकारी रुग्णालयांना शुश्रूषागृह कायदा लागूच नाही, म्हणजे त्या कायद्याखालची फलकाची सक्तीही नाही. तेव्हा अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची तारीख विचारायला संकोच नको.