लोखंड, माती, पाणी : रायपूरच्या घराची वर्षभराची डागडुजी

आषाढातली अमावास्या म्हणजे मराठी घरातली दिव्यांची अवस. समया, निरांजनं, लामणदिवे चिंचेनं लखलखीत घासून पाटावर मांडायचे आणि पूजा करायची. त्याच दिवशी छत्तीसगडात हरेली असते. इथल्या पौर्णिमान्त पंचांगात ही अमावास्या सावन महिन्यात मोजली जाते, एवढाच फरक. पेरणी उरकत आलेली असते. नांगर, कुदारी, राँपा, गैंती ही सारी अवजारं धुऊन, अंगणात ताजा मुरूम पसरून त्यावर मांडतात आणि गुळाच्या चील्याचा नैवेद्य दाखवतात. दारावर कडुनिंबाची डहाळी लागते, लोहार चौकटीवर खिळा ठोकून जातो आणि पोरं बांबूच्या गेंडीवर चढून गावभर फिरतात.

भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मुलखात राहतो आहे. तात्यापारा, बूढापारा इथली जुनी घरं, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ या त्याच्याच खुणा. २००० साली रायपूर राजधानी झालं, शहर चहूबाजूंनी वाढलं, नव्या वसाहती उठल्या आणि घराला गॅरेज आलं. गाडीच्या शेजारी शिडी, घमेलं, फावडं, रंगाचे डबे, पान्यांची पेटी आणि उतरवून ठेवलेला कूलर अशी गर्दी झाली. घराची खरी देखभाल या कोपऱ्यातून चालते. ती नीट करायची तर पुण्या-मुंबईचे नियम इथे पुरत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि वर्षभराच्या साधारण सव्वाशे सेंटिमीटर पावसातला बहुतेक सप्टेंबरपर्यंत पडून जातो. इथला दगड, इथली माती आणि इथले ऋतू ओळखले, की कोणतं काम कधी हातात घ्यायचं हे आपोआप कळतं.

फाल्गुन-चैत्र : कूलर आणि चुनखडी

रायपूर चुनखडीच्या थरावर वसलेलं आहे. बलौदाबाजार, तिल्दा या भागांत सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडामुळे. घराघरांत जी फरशी दिसते, तीही बहुधा याच जातीची. चुनखडीतून झिरपून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियमचे क्षार विरघळवून आणतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि जाळीवर, पंपाच्या तोंडाशी, टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. थर साचला की खसाची किंवा लाकडी भुशाची जाळी एकसारखी भिजत नाही. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा तशीच आत येते आणि आपण मोटरीला दोष देतो.

उपाय साधा आहे. हंगामाच्या सुरुवातीला पंप काढून लिंबाच्या फुलांच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, कोमट पाण्यात भिजत ठेवायचा. बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. बुडबुडे थांबले की थर सुटला किंवा आम्ल संपलं. मग जुन्या ब्रशनं पंपाचा पंखा आणि जाळी घासून घ्यायची. हंगामभर आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी पूर्ण काढून टाकायचं, म्हणजे क्षार दाट होत नाहीत.

टाकी नुसती रिकामी करणंही पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळताच उबतात. म्हणून टाकीच्या भिंती काथ्यानं घासायच्या, आणि हंगाम संपल्यावर कूलर ठेवून देतानाही घासूनच ठेवायचा.

दोन गोष्टी कटाक्षानं पाळाव्यात. एक, आम्लाचं पाणी फरशीवर सांडू देऊ नये. थर आणि फरशी दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे जे आम्ल थर खातं तेच फरशीची झिलईही खातं. दोन, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

वैशाख : अर्थिंगला पाणी

पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे उन्हाळ्यातलं सर्वांत घातक त्रिकूट. विदर्भ-छत्तीसगडात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसं दगावतात. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करू नये, प्लग उपसून ठेवावा. कूलरला तीन पिनांचा प्लगच हवा, आणि तिसऱ्या पिनेची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचलेली हवी. अर्थिंगचा खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात असतो आणि बांधकामानंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणजे वैशाखात, कूलर दिवसरात्र चालू असताना, आपलं संरक्षण सर्वांत दुबळं असतं. म्हणून मीठ-कोळसा घातलेल्या अशा खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबून पाहावं. खटका पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

ज्येष्ठ : कन्हार, मटासी आणि कुंपणाची भिंत

छत्तीसगडच्या शेतकऱ्यानं आपल्या मातीला चार नावं दिली आहेत. काळी, चिकण ती कन्हार. पिवळसर, भाताला मानवणारी ती मटासी. दोन्हींच्या मधली ती डोरसा. आणि लाल, खडेमिश्रित माळाची ती भाटा. घर बांधणाऱ्यानंही ही नावं पाठ करून ठेवावीत. कन्हार पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दर वर्षीच्या या हालचालीत घराचा खोल पाया तग धरतो, पण हातभर खोल पायावर उभी केलेली कुंपणाची भिंत तग धरत नाही. तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा तडा दिसला की समजावं, पायाखालची माती हललेली आहे.

असा तडा नुसत्या सिमेंटनं बुजवला तर पुढच्या वर्षी पुन्हा उघडतो, कारण दुखणं पाण्यात असतं. भिंतीलगत पाणी मुरू द्यायचं नाही, हे मुख्य काम. पायालगतची काळी माती वीतभर उकरून तिथे मुरूम ठोकून भरावा, त्यावर फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावा आणि छपराच्या पन्हळीचं पाणी पाइपानं लांब न्यावं. उतार डोळ्यांनी ठरवू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पातळी काढतो, ती आपल्यालाही काढता येते. हे सगळं पहिल्या सरीआधी व्हायला हवं. तडा भरायचा तो मात्र एक पावसाळा पाहून, हालचाल थांबल्याची खात्री झाल्यावर.

श्रावण-भाद्रपद : अंगण आणि अडगळ

पावसाळ्यात गवत गुडघ्याइतकं होतं आणि गॅरेजमधली अडगळ जिवंत होते. विटांचा ढीग, जुनी लाकडं, पुठ्ठ्याची खोकी यांत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यारीचा वावर रात्रीचा, तिचा दंश फारसा दुखत नाही आणि म्हणून तो दुर्लक्षिला जातो. रात्री गॅरेजमध्ये जाताना बूट आणि विजेरी हवीच. अडगळीत हात घालण्याआधी काठीनं ती हलवावी. दंशाची नुसती शंका आली तरी वेळ न दवडता मोठं सरकारी रुग्णालय गाठावं.

दुसरा शत्रू वाळवी. ती ओलाव्यावर जगते आणि जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर चढते. लाकूड आणि कागद जमिनीला किंवा भिंतीला टेकू दिला नाही, लोखंडी मांडणीवर भिंतीपासून चार बोटं अंतरावर ठेवला, तर तिची वाट उघडी पडते आणि नळी वेळेत दिसते.

अश्विन-कार्तिक : फाटक, दांडे आणि जवसाचं तेल

आता दिवाळीचे दिवस. हवा कोरडी झालेली, ऊन सोसवेल इतकं. लोखंडाच्या कामाला वर्षभरात याहून चांगला काळ नाही. रायपूर हे लोखंडाचं शहर आहे. शेजारी भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि शहराच्या उत्तरेला उरला-सिलतरा पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांची काळी धूळ छतांवर, पानांवर, फाटकांवर बसते. धूळ ओलावा धरून ठेवते आणि तिच्याखाली गंज वाढत राहतो. फाटकाचा खालचा आडवा पट्टा आणि बिजागऱ्या आधी तपासाव्यात. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढावा, पॉलिश पेपर मारावा, कोरड्या फडक्यानं पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. नंतर तैलरंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पापुद्रे सोडतो.

याच दिवसांत अवजारांचे दांडेही पाहावेत. धावड्याचं लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून दांड्यांसाठी नावाजलेलं. हातोडीचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की बरेच जण ती रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी ती घट्ट वाटते. पण फुगलेले तंतू लोखंडाच्या दाबानं चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. खरा उपाय पाचरीचा. दांड्याच्या डोक्यावर करवतीनं उभी चीर द्यावी, दांडा भोकात पूर्ण बसवावा, चिरेत कोरड्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी आणि वर आलेला भाग कापून टाकावा. कुदळीचं गणित उलटं : तिचा दांडा एका टोकाला जाड असतो आणि वरून ओवला जातो, त्यामुळे प्रत्येक घावासरशी तो आवळत जातो.

मग जवसाचं तेल. छत्तीसगडात जवस भरपूर पिकतो. त्याचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडावर आवरण धरतं. फडक्यानं पातळ लावावं, थोड्या वेळानं जास्तीचं पुसून घ्यावं. ते फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, घडीत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उन्हात पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावं.

अवजारं एकाची, घरं दहांची

सगळीच कामं आपण करू नयेत. मुख्य बोर्डातली जोडणी, गॅसची नळी, दुसऱ्या मजल्यावरचं छप्पर ही कामं जाणत्या कारागिराचीच. पण स्वतः पाचर ठोकलेल्या माणसाला कारागिराच्या कामाची किंमत कळते. तो घासाघीस कमी करतो आणि प्रश्न नेमके विचारतो.

अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं १९७९ साली पुस्तकांसारखी अवजारंही घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. आपल्या वसाहतींनी, मंडळांनी हे जरूर करावं. वर्षातून दोनदा लागणारं ड्रिल, लांब शिडी, पाइप पाना, गवत कापायचं यंत्र दहा घरांनी वेगवेगळं घेण्यात अर्थ नाही. एक कपाट, एक वही आणि शनिवारची संध्याकाळ एवढ्यावर हे चालू होतं. एखादा निवृत्त फिटर किंवा इलेक्ट्रिशियन प्रत्येक वसाहतीत असतोच. त्याला सन्मानानं बोलवावं आणि आठवी-नववीतल्या मुलामुलींना त्याच्या शेजारी बसवावं. कानस कशी धरायची, प्लगमध्ये कोणती तार कुठे जाते, ओळंबा कसा पाहायचा, हे एकदा हाताला कळलं की आयुष्यभर विसरत नाही. या दिवाळीच्या सुटीत पोरांच्या हाती एक कानस आणि एक बोथट विळा द्यावा, आणि सुरुवात तिथूनच करावी.