कुत्रीचं ऑपरेशन डॉक्टर करतील, पुढचे बारा दिवस आपले



बैठकीत हप्ते, अंतर्गत कर्ज, मसाल्याच्या ऑर्डरी यांच्या मधेच कधी कधी वेगळा प्रश्न निघतो. देहूच्या वस्त्यांवर फिरताना असाच एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. "आमची कुत्री वर्षातून दोनदा विते, पिल्लांचं करायचं काय?" काही जणी पुढे हळूच विचारतात, "ऑपरेशन करतात म्हणे, पण नंतर तिचं बघायचं कसं?" म्हणून या अंकात त्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी हिशेब करू

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. तो काळ दोन-तीन आठवडे चालतो. गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. म्हणजे वर्षाला आठ-दहा पिल्लं. त्यातली दोन कुणीतरी नेतं. बाकीची पोत्यात घालून नदीकाठी, हायवेच्या कडेला नाहीतर एखाद्या कंपनीच्या गेटजवळ सोडली जातात. काही गाडीखाली जातात, काही उपाशी मरतात. जी जगतात, ती उद्या आपल्याच आळीतली भटकी कुत्री होतात आणि मग आपणच म्हणतो, कुत्री फार झालीत! जनावराला उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हासुद्धा आहे.

"पण ऑपरेशन केलं तर पाप नाही का लागणार?" हाही प्रश्न येतो. आपण तुकोबांच्या गावच्या बायका. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट कीर्तनात कितीदा ऐकली आहे. पिल्लं पोत्यात घालून सोडणं आणि एकदाच नीट ऑपरेशन करून घेणं, यातलं भूतदयेच्या जवळचं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

आपल्याकडे बायकांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन होतं, त्यात फक्त नळ्या बंद करतात. पाळी चालूच राहते. कुत्रीचं तसं नसतं. तिची अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. त्यामुळे माज बंद होतो, रक्त जाणं बंद होतं, दारात कुत्र्यांची गर्दी आणि भांडणं बंद होतात. पोट उघडून केलेलं ते मोठं ऑपरेशन असतं, हे लक्षात ठेवा.

कुत्र्याचं, म्हणजे नराचं, ऑपरेशन तुलनेने लहान असतं. त्याचे वृषण काढतात. पण ऑपरेशन झालं म्हणजे लगेच काम झालं असं नाही. त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून कुत्री गाभण राहू शकते, म्हणून महिना-दीड महिना तरी त्याला माजावरच्या कुत्रीपासून लांब ठेवायचं.

घरातली पुरुष मंडळी बहुतेक वेळा म्हणतात, "कुत्रीचं करा, कुत्र्याचं नको. तो राखण करायचा सोडेल." तसं होत नाही. अनोळखी माणसावर भुंकणं, घर राखणं हा त्याचा स्वभाव असतो, तो जात नाही. कमी होतं ते माजावरच्या कुत्रीमागे दोन-दोन दिवस भटकणं आणि त्यातून होणाऱ्या मारामाऱ्या.

"एकदा तरी विऊ द्यावी, मग करावं" हाही समजच आहे. तब्येतीसाठी त्याची काही गरज नसते. उलट लवकर ऑपरेशन झालेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठींचा धोका कमी असतो. गर्भाशयात पू होण्याचा आजारही टळतो. हा आजार वयस्क कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांत होतो. ती खूप पाणी पिते, खात नाही, पोट फुगतं, कधी मागून घाण जाते. मग तेच ऑपरेशन घाईत, जास्त खर्चात आणि जिवाच्या धोक्यात करावं लागतं.

दुसरी बाजूही सांगते. भूल म्हटलं की थोडा धोका असतोच. ऑपरेशननंतर वजन वाढायची शक्यता असते. काही कुत्र्यांमध्ये पुढे झोपेत लघवी गळते, त्यावर औषध असतं. हे सगळं डॉक्टरांना आधी मोकळेपणाने विचारा.

कधी करायचं?

साधारण सहा महिन्यांनंतर करतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. माजावर असताना रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. व्यालेली असेल तर पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबा. पण तेवढ्यात ती पुन्हा माजावर येणार नाही, इकडे लक्ष ठेवा.

आपल्या गावाचं वेळापत्रकही बघा. बीज असो वा पालखीचं प्रस्थान, त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, दार सतत उघडं असतं. पालखीनंतर पाऊस लागतो. ओल आणि माशा जखमेला वाईट. घरी कोरडी, बंद होणारी जागा असेल तर पावसाळ्यातही करता येतं. नसेल तर कोरडे दिवस निवडा.

जाण्याआधी

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, खासगी डॉक्टर किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं शिबिर, यापैकी कुठेही जा, पण आधी एवढं विचारून घ्या: पाळीव कुत्रीचं ऑपरेशन इथे होतं का? एकूण खर्च किती, आणि त्यात भूल, औषधं, कॉलर, टाके काढणं धरलं आहे का? त्याच दिवशी घरी सोडणार का? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?

कुत्रीला गोचिडी असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. गोचीड तापात रक्त गोठायला अडचण येते, म्हणून आधी रक्ततपासणी करावी लागू शकते. रेबीजची लस झाली नसेल तर ती कधी द्यायची तेही तिथेच विचारा.

आदल्या रात्री जेवण लवकर द्या आणि नंतर काही देऊ नका. किती तास उपाशी ठेवायचं आणि पाणी कधी बंद करायचं, ही वेळ डॉक्टरांकडूनच घ्या, कारण लहान पिल्लाला जास्त उपवास सोसत नाही. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्या रात्री कुत्री बांधून ठेवा. मोकळी राहिली तर उकिरड्यावर जाऊन खाऊन येईल. घरातल्या मुलांना आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा, प्रेमाने एक बिस्कीटसुद्धा द्यायचं नाही.

पहिली रात्र

परत आणताना दुचाकीवर मधे धरून आणू नका. रिक्षा नाहीतर कुणाची चारचाकी सांगा आणि जाड चादरीवर आडवी झोपवून आणा. तळवड्याकडून येणार असाल तर कंपन्या सुटायची वेळ टाळा. नाहीतर तासभर ट्रॅफिकमध्ये बसावं लागतं.

घरी जमिनीवरच अंथरूण करा. पायऱ्या, कट्टा, खाट नको, कारण भूल उतरताना ती झोकांड्या खाते आणि पडते. अंगावर पांघरूण घाला, कारण भुलीत अंग गार पडतं. लहान मुलांना आणि दुसऱ्या कुत्र्यांना लांब ठेवा. एरवी गरीब असलेली कुत्रीही त्या गुंगीत चावू शकते. पूर्ण शुद्धीवर आली की आधी थोडं पाणी द्या. ते पचलं तर थोडा मऊ भात द्या. पोटभर जेवण दुसऱ्या दिवशी.

पुढचे दिवस

दिवसातून दोनदा टाके बघा. थोडी सूज, थोडी लाली चालते. ती रोज कमी होत गेली पाहिजे.

चाटू द्यायचं नाही. "कुत्र्याच्या जिभेत औषध असतं" हे खरं नाही. चाटून टाके निघतात आणि जखम पिकते. गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर घाला. ती नसेल तर जुना सुती टी-शर्ट चालतो का, ते डॉक्टरांना विचारा. लघवीच्या वेळी तो वर खोचायचा आणि ओला झाला की बदलायचा.

जखमेवर हळद, कॉफी पावडर, रॉकेल, राख काही लावू नका. डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच लावा. घरातल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, किडनीला इजा होऊ शकते.

टाके निघेपर्यंत आंघोळ नाही, नदीत उतरवणं नाही. माशा बसणार नाहीत अशी जागा ठेवा. फरशी रोज पुसा, अंथरूण उन्हात टाका. उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. तोवर ती खाते, शेपूट हलवते, उड्या मारायला बघते. आपल्याला वाटतं, झाली बरी, सोडा मोकळी! पण बाहेरचे टाके कोरडे दिसले तरी आतलं पोट अजून भरून येत असतं. पळाली, भिंतीवरून उडी मारली, तर आतले टाके सुटतात. म्हणून दहा ते चौदा दिवस बांधूनच ठेवायची आणि शी-शूला दोरी धरून न्यायची. टाके काढायला डॉक्टर बोलावतील त्या दिवशी नक्की जा. विरघळणारे टाके असले तरी जखम एकदा दाखवून या.

ताबडतोब डॉक्टरांना दाखवा

- हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील
- जखमेतून रक्त थांबत नसेल, पू किंवा वास येत असेल
- टाके सुटून जखम उघडली असेल किंवा आतून काही बाहेर दिसत असेल
- पोट फुगलं असेल
- दुसऱ्या दिवशीही उठत नसेल, खात नसेल
- सारख्या उलट्या होत असतील किंवा दिवसभर लघवी झाली नसेल

जखम उघडली असेल तर त्यावर स्वच्छ ओला कपडा ठेवून लगेच निघा. सकाळची वाट बघू नका.

हे सगळं करायचं कुणी?

आता खरा मुद्दा. ऑपरेशन ठरवतात घरातले सगळे आणि बारा दिवस बघते एकटी बाई. पाणी भरा, डबे करा, दुकान किंवा कंपनी सांभाळा, वर कुत्री. मग पाचव्या दिवशी कंटाळून ती सोडली जाते. म्हणून आधीच कामं वाटून घ्या. पहिल्या पाळीला जाणारा संध्याकाळचं फिरवणं करेल, दुसऱ्या पाळीचा सकाळचं. टाके बघायचं काम कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्या. गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहा आणि दिली की खूण करा.

आपल्यातल्या कितीतरी जणींना स्वतःच्या ऑपरेशननंतर आठवडाभरसुद्धा विश्रांती मिळालेली नाही, हे मला तुमच्याच तोंडून कळलं आहे. टाके ओले असताना कंबर मोडून धुणं धुतलंत तुम्ही. कुत्रीला विश्रांती देताना घरात हे बोलायलाही हरकत नाही, की विश्रांती ही बाईलाही लागते.

त्यानंतर

ऑपरेशन झालेल्या कुत्रीला पूर्वीपेक्षा कमी खाणं पुरतं. साधारण पाव हिस्सा कमी करा आणि रोज फिरवा. नसबंदी म्हणजे रेबीजची लस नव्हे. डॉक्टर सांगतील तशी लस वेळेवर देत राहा. कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे देहूत नगरपंचायतीची. ऑपरेशननंतर कानाला खूण करून कुत्रं त्याच जागी परत सोडतात. तुमच्या आळीत कान कापलेलं कुत्रं दिसलं तर त्याचं झालं आहे असं समजा. बाकीच्यांसाठी गटाच्या लेटरहेडवर अर्ज देता येतो, तो लिहायला मी मदत करेन.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी कुत्री आहे त्यांनी नावं द्या. तिचं वय, शेवटचा माज कधी झाला आणि लस झाली का, एवढं लिहून आणा. तीन-चार घरं एका दिवशी गेली तर गाडीभाडं वाटून घेता येईल. खर्चाची अडचण असेल तर गटातून छोटं कर्ज द्यायचं का, तेही त्याच बैठकीत ठरवू.