सलमाबादची दुपार आणि दोन मंत्रालयं

सलमाबाद म्हणजे बहारीनमधली गॅरेजांची, गोदामांची, वर्कशॉपांची वस्ती. परदेशातून आलेले कामगार इथे मोठ्या संख्येने राबतात. त्यांच्या तब्येतीशी सरकारचा पहिला संबंध येतो तो नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत. ते काम आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतलं.

पण उन्हाचं काय?

तिथे कामगार मंत्रालय पुढे येतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी १२ ते ४ या वेळात उघड्यावर काम करून घ्यायला २००७पासून मनाई होती. २०२५मध्ये ही मुदत वाढवून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी केली. उष्माघात झालेल्याला सलाइन लावण्यापेक्षा त्याला वेळीच सावलीत बसवणं केव्हाही बरं. त्यामुळे कामगार खात्याचा हा नियम आरोग्य खात्याचाच भार हलका करतो. मात्र तो आहे उघड्यावरच्या कामापुरता. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्याची दुपारही तितकीच तापते, आणि तिची काळजी घेणारा नियम तेवढाच तातडीचा आहे.

सरकारने मनावर घेतलं की काय होतं, हे कोविडमध्ये दिसलं. डिसेंबर २०२०मध्ये बहारीनने लसीकरण सुरू केलं, तेव्हा लस नागरिकांबरोबर परदेशी रहिवाशांनाही मोफत होती.