बंदर चुकलं म्हणून सहल बुडत नाही

मुंबईहून लक्षद्वीपला निघालेलं जहाज. पोहण्याचे चष्मे कपाळावर चढवून मुलं सकाळीच लिफ्टपाशी हजर. तेवढ्यात स्पीकरवरून सूचना येते, समुद्राला उसळी आहे, आज बेटावर उतरता येणार नाही. बघता बघता चौकशीच्या काउंटरपुढे रांग लागते आणि त्या रांगेत हमखास कुणीतरी म्हणतं, “हे यांचं ठरलेलंच असतं. बंदर गाळायचं आणि आपल्याला जहाजावर पैसे उधळायला लावायचे.”

सहलीचा विरस बंदर चुकल्याने होतो, पण त्याहून जास्त या समजुतीने होतो. आपल्याला फसवलं असं वाटलं की पुढचे दोन दिवस घास गोड लागत नाही. संशयाला थोडा आधार आहे. जहाजावरचे कॅसिनो आणि करमुक्त दुकानं सहसा बंदरात बंद ठेवावी लागतात आणि भर समुद्रात उघडतात. मात्र किनाऱ्यावरच्या सहली बहुधा कंपनीच विकते आणि त्या रद्द झाल्या की ते पैसे तिला परत करावे लागतात. शिवाय शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार पहिल्यांदा झाला. आज लागू आहे ती 1974 ची आवृत्ती. सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा कंपनीने आडकाठी करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. काउंटरवरच्या मुलीच्या हातात तर काहीच नसतं. उलट बंदर गळलं की किनाऱ्यावर पाय टेकवायची कर्मचाऱ्यांची संधीही जाते, आणि ते महिनोन् महिने जहाजावर असतात. त्यात गोव्याची, कोकणची मुलंही असतात.

“पण ऊन तर लख्ख पडलंय!” हा दुसरा समज. समुद्राची उसळी डोक्यावरच्या आभाळावर अवलंबून नसते. दूर कुठेतरी वाहिलेल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा शेकडो मैल प्रवास करून येतात. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि आत उथळ पाणी. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवतात. धोका असतो तो नेमका त्या एका पावलात. जहाजाचं दार एका लयीत हलतं, बोट दुसऱ्या, आणि मधल्या फटीत पाय किंवा हात सापडू शकतो. कोकणातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. आगबोट खोल पाण्यात नांगरायची, माणसं पडावात उतरायची, आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असायची. जिथे धक्का आहे तिथेही अडचण येते. दहा-बारा मजली जहाजाच्या उंच बाजूवर आडवा वारा शिडासारखा भरतो, आणि अरुंद तोंडाच्या बंदरात ते वळवणं धोक्याचं ठरतं.

पैशाचं थोडक्यात. बंदर चुकलं म्हणजे तिकिटाचा तेवढा हिस्सा परत मिळतो, हे खरं नाही. मार्ग बदलण्याचा हक्क कंपन्यांनी अटींत राखून ठेवलेला असतो. परत मिळतं ते बहुधा बंदरशुल्क, तेही अनेकदा जहाजावर खर्चायची रक्कम म्हणून. या अटी आणि विम्याचे कागद घरी, पैसे भरण्याआधी वाचायचे.

बोट लागण्याबद्दल तर गैरसमजांचा सुकाळ आहे. नाजूक माणसांनाच बोट लागते म्हणावं, तर ब्रिटिश नौदलाचा ॲडमिरल नेल्सन जन्मभर या त्रासाने बेजार होता. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि केबिनच्या भिंती पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून केबिनमध्ये फोन बघत पडून राहू नये. डेकवर यावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. उपाशी राहिल्याने फायदा होत नाही, हलकं खाल्लेलं बरं. गोळी डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, उलट्या लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. केबिन निवडता आली तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्यावी. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचा मोह मी समजू शकते, पण हेलकावे तिथेच जास्त जाणवतात.

एकदा विचका झाला की सहलीची आठवणही कडू राहते, असंही आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपची सहल आणि कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची सायकलफेरी केलेले लोक होते. प्रवास चालू असताना त्यांनी जे नोंदवलं, त्यापेक्षा नंतर त्यांना तो प्रवास जास्त चांगला वाटला. मधल्या कटकटी मागे पडल्या होत्या.

राहिला सगळ्यांत चिवट समज, की आनंदात राहायचं म्हणजे तक्रार करायची नाही. “जाऊ दे गं, सुट्टीवर आलोय” म्हणत गळक्या एसीखाली तीन रात्री काढणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. समुद्र कुणाच्या हातात नसतो, गळका एसी असतो. तो त्याच दिवशी सांगावा, फोटो काढावा, तक्रार लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा. केबिन रिकामी असेल तर बदलून मिळू शकते. घरी परतल्यावर पाठवलेल्या ईमेलने ती मिळत नाही.