तोंड पाहून टिळा? आधी हे वाचा!

समोरचा माणूस विश्वासू आहे की नाही, हे ठरवायला आपल्याला किती वेळ लागतो, माहीत आहे का? एक दशांश सेकंद! अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये हे चक्क मोजलं. स्क्रीनवर चेहरा चमकला, गेला, निकाल तयार! खरी गंमत पुढे आहे. चेहरा बघायला जास्त वेळ दिला, तरी लोकांचं मत फारसं बदललं नाही. वाढला तो फक्त कॉन्फिडन्स.

याच टोडोरोव्ह यांच्या टीमने 2005 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे नुसते फोटो दाखवले. नाव नाही, पक्ष नाही, भाषण नाही. 'यातला कर्तबगार कोण दिसतो?' एवढाच प्रश्न. सुमारे 70 टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेलाच उमेदवार जिंकलेला निघाला. म्हणजे मत मिळण्याआधी मुखाला मार्क!

आता कॉमन सेन्सचा एक झटपट पेपर. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांबद्दलची ही तीन विधानं. एक, शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला. दोन, खेड्यातून आलेले जवान शहरी जवानांपेक्षा जास्त खुशीत होते. तीन, दक्षिणेकडच्या सैनिकांनी उष्ण बेटांवरचं हवामान उत्तरेकडच्यांपेक्षा सहज सोसलं. पटलं ना? "यात नवीन काय?" असंही वाटलं असेल. तर तिन्ही चूक! सैनिकांच्या पाहणीत प्रत्येक गोष्ट नेमकी उलटी निघाली होती. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1949 मध्ये वाचकांची अशीच विकेट काढली होती. कॉमन सेन्सकडे दोन्ही बाजूंची कारणं तयार असतात, म्हणून तो इतका पटतो.

असाच सगळ्यांना पटलेला एक शिक्का म्हणजे पुणेकर आणि दुपारची झोप! या जोडीवर किती विनोद झाले असतील? आणि तरीही 1 जुलै 2017 पासून पुण्यातलं चितळे बंधूंचं दुकान दुपारी 1 ते 4 या वेळेतही सुरू राहू लागलं. बाकरवडी जागी झाली, विनोद मात्र अजून त्याच वेळेत अडकलेत!

चीअरलीडिंग म्हणजे मुलींचं काम? 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानात पहिल्यांदा प्रेक्षकांकडून जोशात आरोळ्या देऊन घेणारा होता जॉनी कॅम्पबेल. पुरुष!

नाकाने कांदे सोलणारे आपण पाहिलेत. नाकाने जात मोजणारे? 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा दावा होता की नाक जितकं रुंद, तितकी सामाजिक पायरी खालची. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्ये हे आकडे प्रांतवार तपासले. उत्तरेचा थोडा भाग सोडला, तर दावा कुठे टिकेचना. मग 1948 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीच नाकाची मापं समोर मांडून दाखवलं की ब्राह्मण आर्य असतील, तर अस्पृश्यही आर्यच. गोऱ्या साहेबाच्याच फूटपट्टीने त्याचा सिद्धांत झोपवला, तोही नाकावर टिच्चून!

इटलीचे डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो म्हणत, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि जबडा, कान पाहून ओळखता येतो. 1913 मध्ये चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधल्या सुमारे 3000 कैद्यांची मापं तपासली. तसा 'गुन्हेगारी चेहरा' सापडलाच नाही. लोम्ब्रोसोंचा स्वतःचा सांगाडा मात्र आजही तुरीनच्या संग्रहालयात उभा आहे.

आपल्याकडे तर चेहराही बघावा लागला नाही, जन्म पुरला. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. चोरी कोणी केली हा प्रश्नच नाही, पोलिसांकडे हजेरी सगळ्यांची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, पण या माणसांवरचा शिक्का पुसायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. म्हणून त्यांचा 'विमुक्त दिन' वेगळा. कागदावरचा शिक्का गेला, लोकांच्या नजरेतला किती उरला, हे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन वाचलेल्यांना सांगायला नको.

शिक्का ज्याच्यावर बसतो, त्याचं काय होतं? हे वाचाच! कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जातीचा उल्लेख नव्हता, तेव्हा उच्च जातीची आणि दलित मुलं बरोबरीत! मग एक छोटासा बदल केला. खेळाआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, मुलाने मान डोलवून 'हो' म्हणायचं. बस्स. कोणी रागावलं नाही, हिणवलं नाही. तरी दलित मुलांची कामगिरी धाडकन घसरली. तशीच मुलं, तशीच कोडी! 2006 मध्ये हा अभ्यास छापून आला. शाळेत भर वर्गात जात विचारून हात वर करायला लावणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तो असायला हवा.

आणि नोकरीत? अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. नावात काय आहे? कॉल लेटर आहे!

मग नाव-चेहरा झाकला तर? म्युनिक, 1980. फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राला ट्रोम्बोनवादक हवा होता. ऑडिशन पडद्याआड. ॲबी कोनंट यांना बोलावणं आलं, तेही 'श्रीयुत' म्हणून! त्यांनी वाजवलं, परीक्षक खूश, निवड पक्की. पडदा सरकला आणि समोर बाई! वर्षभरात त्यांना मुख्य जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकललं. कारण? हे वाद्य फुंकायला म्हणे पुरुषाचा दम लागतो. कोनंट कोर्टात गेल्या, फुफ्फुसांच्या तपासण्या करून घेतल्या, दम भरपूर निघाला. लढाई 1993 पर्यंत चालली. मुख्य जागा परत मिळाली, पुरुष सहकाऱ्यांइतका पगारही मिळाला. पुढे ट्रॉसिंगेनच्या संगीत विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. विषय? ट्रोम्बोन!