मेक्लेनबुर्गची दहा महिन्यांची संसद

३१ ऑक्टोबर १८४८ रोजी उत्तर जर्मनीतील श्वेरीन या तळ्याकाठच्या राजधानीत मेक्लेनबुर्गची प्रतिनिधिसभा भरली. तिचे १०३ सभासद होते. त्यांपैकी ८५ मेक्लेनबुर्ग-श्वेरीनमधून, तर १८ शेजारच्या, बऱ्याच लहान अशा मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ संस्थानातून आले होते. सर्वसामान्य लोकांनी निवडून दिलेली ही तिथली पहिलीच सभा. ती जेमतेम दहा महिने चालली आणि तिने तयार केलेली राज्यघटना वर्षभरही टिकली नाही.

या दोन्ही संस्थानांवर वेगवेगळे ग्रँड ड्यूक राज्य करीत, पण त्यांचे विधिमंडळ, म्हणजे लांडटाग, एकच होते. त्याची घडी १७५५ च्या करारनाम्याने बसवली होती. श्टेर्नबेर्ग आणि माल्खिन या छोट्या गावांत ते आळीपाळीने भरे. त्यात बसण्याचा अधिकार दोघांनाच होता: सरदारी जहागिरींचे मालक आणि शहरांचे नगराध्यक्ष. जहागीर विकत घेतली की तिच्याबरोबर लांडटागमधली जागाही मिळे, त्यामुळे हा अधिकार वतनासारखाच होता. ग्रँड ड्यूकच्या खालसा मुलखातील शेतकऱ्यांचा तिथे एकही प्रतिनिधी नसे.

शेतमजुरांची स्थिती याहून वाईट होती. १८२० मध्ये भूदासपद्धती कायद्याने संपली, पण ती संपताना मजुराच्या हाती जमीन आली नाही. उलट, गावात घर करून राहण्याची परवानगी देणे न देणे जमीनदाराच्या मर्जीवर राहिले आणि त्या परवानगीविना मजुराला लग्नही करता येत नसे. याच अन्यायावर फ्रिट्झ रॉयटर या मेक्लेनबुर्गच्या लेखकाने पुढे ‘काइन ह्यूझुंग’ हे काव्य स्थानिक लो जर्मन बोलीत लिहिले. असंख्य मजूर कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली, त्यामागेही हेच मोठे कारण होते.

१८४८ च्या मार्चमध्ये जर्मनीभर क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा श्वेरीनचा ग्रँड ड्यूक फ्रीडरिख फ्रान्झ दुसरा अवघा पंचवीस वर्षांचा होता. अर्ज, सभा आणि सुधारणा-मंडळे यांच्या रेट्यापुढे त्याने नव्या राज्यघटनेचे आश्वासन दिले. वसंतात भरलेल्या खास लांडटागमध्ये जुन्या मानकऱ्यांनीही आपले प्रतिनिधित्वाचे हक्क सोडायला मान्यता दिली. भीतीपोटी दिलेली ही मान्यता मनापासूनची नव्हती, हे पुढे दिसलेच.

प्रतिनिधिसभेच्या अध्यक्षपदी रोस्टोकचे वकील मोरित्झ विगर्स होते. त्यांचे भाऊ, धर्मशास्त्राचे प्राध्यापक युलिउस विगर्स, हेही सभासद होते. ऑगस्ट १८४९ पर्यंत सभेने घटनेचा मसुदा पुरा केला आणि फ्रीडरिख फ्रान्झने १० ऑक्टोबरला ती जारी केली. त्याच दिवशी जुनी मानकऱ्यांची व्यवस्था कायद्याने रद्द झाली. जन्म किंवा जहागीर यांवर नव्हे, तर निवडणुकीवर उभे राहणारे विधिमंडळ हा या घटनेचा गाभा होता. स्ट्रेलिट्झचा वृद्ध ग्रँड ड्यूक गेओर्ग याने मात्र ती स्वीकारली नाही.

तोवर जर्मनीतील क्रांती मोडली होती. सरदारांनी प्रशियाकडे धाव घेतली. प्रशियाचा राजा फ्रीडरिख फ्रान्झचा सख्खा मामा, आणि गेओर्ग हा त्या राजाचा मामा. त्यामुळे तरुण ग्रँड ड्यूकवर घरातूनच दडपण आले. नव्या घटनेनुसार निवडलेले विधिमंडळ फेब्रुवारी १८५० मध्ये भरले, पण वसंतातच उदारमतवादी मंत्रिमंडळ गेले आणि त्यामागून विधिमंडळही बरखास्त झाले.

शेवटचा घाव लष्कराने नव्हे, लवादाने घातला. ग्रँड ड्यूक आणि मानकरी यांच्यातील तंटे लवादापुढे नेण्याची तरतूद १८१७ च्या एका हुकमात होती. तिचा आधार घेऊन सरदारांनी दावा मांडला. बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या फ्राइएनवाल्ड येथे ११ सप्टेंबर १८५० रोजी निवाडा झाला: नवी घटना अवैध, आणि १७५५ च्या करारानुसार लांडटाग पुन्हा बोलवावे. लाखो लोकांच्या मतापेक्षा काही शे मालकांचा जुना करार वरचढ ठरला. १८५१ च्या सुरुवातीला माल्खिनमध्ये तेच जुने मानकरी पुन्हा बसले.

त्याआधी, नोव्हेंबर १८५० मध्ये, तरुण क्रांतिकारक कार्ल शुर्ट्झने क्रांतीत भाग घेतल्याबद्दल कैदेत असलेला कवी गोटफ्रीड किंकेल याला श्पांडाऊच्या तुरुंगातून सोडवून रोस्टोकला आणले, तेव्हा मोरित्झ विगर्स यांनी दोघांच्या लपण्याची सोय लावली. व्यापारी ब्रॉकेलमान यांच्या जहाजातून ते स्कॉटलंडला निसटले. १८५३ मध्ये विगर्स बंधूंना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. युलिउस यांची प्राध्यापकी आधीच गेली होती; आता त्यांनी ४४ महिने कच्च्या कैदेत काढले.

१८६७ नंतर मेक्लेनबुर्गच्या मजुराला बर्लिनच्या राइशटागसाठी, म्हणजे संघराज्याच्या संसदेसाठी, मत मिळाले आणि मोरित्झ विगर्स तिथे निवडूनही गेले. स्वतःच्या संस्थानात मात्र त्या मजुराला आवाज नव्हता. प्रत्येक घटकराज्यात निवडून आलेले विधिमंडळ असावे, असा ठराव राइशटागने पुन्हा पुन्हा केला आणि राज्यांच्या परिषदेने तो पुन्हा पुन्हा अडवला. नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्रीडरिख फ्रान्झ चौथ्याने पदत्याग केला, तेव्हाच १७५५ ची व्यवस्था संपली. जानेवारी १९१९ मध्ये श्वेरीनच्या नव्या लांडटागसाठी मतदान झाले आणि त्यात स्त्रियांनीही मत दिले.